बोरमळा फाट्यावरचे ओले पंचे

“रेल्वेत नोकरी, घरात पास, आणि सांचीला जायचं म्हणे जीपनं!” करुणामामीने कपबशी आपटली. “आणि वाटेत खायचं काय? मिळेल ते?”

“मिळेल ते नाही मामी, शोधू ते!” गौतमी म्हणाली.

दौंडच्या रेल्वे कॉलनीत सकाळपासून हाच वाद रंगला होता. नवनाथमामाने मित्राची ट्रॅक्स जीप मागून आणली होती. मे महिन्याच्या सुट्टीत भाची गौतमी, शेजारचा स्वराज आणि त्याची धाकटी बहीण अपेक्षा यांना घेऊन नगर, इंदूर, भोपाळ करत सांची गाठायची, जमलं तर पुढे आग्राही, असा त्याचा बेत होता. रस्ता लांबचा आणि खिसा आखूड, म्हणून जेवायचं ते वाटेतल्या स्वस्त, गावरान ठिकाणीच. अडचण मामीची होती. गेल्या वर्षी हैदराबादच्या वाटेवर ती काचेची दारं असलेल्या एका झकपक हॉटेलात जेवली आणि नंतर लॉजच्या पलंगावरून उठलीच नाही. तेव्हापासून बाहेरचं खाणं म्हटलं की तिच्या कपाळावर आठ्या पडत.

“आधी रंगीत तालीम!” मामीने निकाल दिला. “आज सगळं सामान भरून शिरूरला जाऊन यायचं. स्वस्त, स्वच्छ आणि चवीचं जेवण तुम्ही पोरांनी शोधायचं. आपल्याच मुलखात सापडलं नाही, तर मध्य प्रदेशात काय दिवे लावणार?”

“मंजूर!” स्वराज ओरडला. जेवणाशी संबंध असलेलं सगळंच त्याला मंजूर असायचं.

चौफुल्याला गाडी शिरूरच्या रस्त्याला लागली. पारगावचा भीमेवरचा पूल मागे पडला. दक्षिणेकडून नगरकडे जाणारे ट्रक याच रस्त्याने धावत होते.

“माझा नियम सोपा आहे,” मामा म्हणाला. “ट्रक उभे दिसले की थांबायचं. ड्रायव्हर लोक देशभर हिंडतात. त्यांच्याइतकं खाणं कुणाला कळतं?”

लवकरच रंगीत दिव्यांच्या माळा लावलेलं एक हॉटेल आलं. समोर ट्रकची ही रांग! मुलं टाळ्या पिटत उतरली. पण ताटं आली आणि टाळ्या थांबल्या. डाळीत डाळ शोधावी लागत होती. रोटी तोडायला दोन्ही हात लागत होते आणि भाजीला कालचा वास येत होता.

“नापास!” मामीने ताट सरकवलं. तिला वाईट वाटल्याचं मुळीच दिसत नव्हतं.

गौतमी हिरमुसून हात धुवायला मागे गेली. तिथे पाण्याने काठोकाठ भरलेला मोठा हौद होता आणि ड्रायव्हर मंडळी त्याच्या कडेला मनसोक्त आंघोळी करत होती. तारेवर ओल्या पंच्यांची रांग फडफडत होती. एक कानडी ड्रायव्हर दात घासत होता. त्याला तिने विचारलंच, “चाचा, यहाँ का खाना आपको अच्छा लगता है?”

“अच्छा? एकदम बेकार!” त्याने चूळ भरली. “खाना तो मौसी का. आगे बोरमळा फाटा.”

“फिर आप वहाँ क्यों नहीं रुकते?”

“अभी उधर कोई गाडी नहीं रुकता.” त्याने खांदे उडवले. “कोई नहीं रुकता, तो हम भी नहीं रुकता.”

हे काय गौडबंगाल! ज्यांना खाणं कळतं तेच वाईट जेवतायत आणि चांगलं जेवण पुढे सोडून देतायत! गौतमी धावत गाडीपाशी आली. “मामा, अजून एक संधी! बोरमळा फाटा!”

फाट्यावर एक कुडाची शेड होती. आत शेणाने सारवलेली लख्ख जमीन, कडुनिंबाखाली रिकाम्या बाजा. गिऱ्हाईक एकही नाही. डोक्यावर पदर घेतलेल्या अनसाबाई चुलीपाशी बसल्या होत्या.

“मावशी, जेवायला मिळेल?” स्वराजने विचारलं. मघाच्या ताटातलं अर्धं जेवण त्याच्या पोटात होतं, पण त्याची भूक हिशेब ठेवत नसे.

“मिळंल की! बसा,” अनसाबाई म्हणाल्या. “आज पोटभर खा. उद्यापास्नं चूल बंद.”

ज्वारीची गरम भाकरी, पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि बुक्कीने फोडलेला कांदा! मामीने आधी भाकरी उलटून पाहिली, मग वास घेतला, मग एक घास घेतला. दुसरी भाकरी तिने स्वतःहून मागितली.

“इतकं छान जेवण, आणि बंद का करताय?” अपेक्षाने विचारलं.

“गाडी थांबत न्हाई, पोरी. रोज पीठ मळायचं आन् रोज जनावराला घालायचं. भाऊ येतोय सांच्याला टेम्पो घिऊन, सामान न्यायला. त्याच्या घरी ऱ्हाईन.” त्या थांबल्या. “मालक वारले, त्याला लई वर्सं झाली. ही चूल माझी सोताची व्हती. आता भावजयीच्या चुलीपाशी बसायचं.”

स्वराजसुद्धा चावायचा थांबला.

जेवण झाल्यावर तिघं कडुनिंबाखाली जमली.

“तिकडे जेवण वाईट, तरी गर्दी. इकडे जेवण झकास, तरी शुकशुकाट,” गौतमी म्हणाली. “तिकडे असं काय आहे, जे इथे नाही?”

“रंगीत दिवे!”

“दिवसा दिवे कोण बघतं, वेड्या?” अपेक्षाने भावाला चापटी मारली आणि ती एकदम थबकली. शेडशेजारी सिमेंटचा हौद होता. आत पाण्याऐवजी वाळका पाला! “पाणी! तिकडे आंघोळीला पाणी आहे!”

“पण धावत्या ट्रकमधून हौदातलं पाणी कसं दिसणार?” स्वराजने रास्त शंका काढली.

“पंचे!” गौतमी ओरडली. “तारेवर ओले पंचे दिसले की ड्रायव्हरला लांबूनच कळतं, इथे पाणी आहे आणि इथे आपली माणसं थांबतात! अनसामावशी, हौद कधीपासून कोरडा आहे?”

“जत्रा झाली तवापास्नं. पोपट म्हणतो, वरूनच पाणी येत न्हाई.”

पोपट म्हणजे ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा माणूस. तो गावातल्या टाकीखाली सावलीला पसरला होता. “टाकीतच पाणी न्हाई, तर हौदात कुठनं येनार?” एक डोळा उघडून तो म्हणाला. त्याच्या मागे गुरांच्या पाण्याची डोणी भरून वाहत होती!

मुलांनी तिथून फाट्याकडे जाणारी पाइपलाइन धरली. पाइप जमिनीखाली होता, पण जुना आणि पाझरणारा. त्यामुळे ऐन मे महिन्यातही त्याच्या डोक्यावर हिरवीगार हरळी उगवली होती. हरळीच्या मागोमाग तिघं चालत राहिली. रस्त्याच्या कडेला रुंदीकरणाच्या खडीचा मोठा ढीग होता. ढिगापर्यंत हरळी हिरवी होती. ढिगापलीकडे करपून गेलेली!

“म्हणजे पाणी इथपर्यंत येतंय,” अपेक्षा म्हणाली, “आणि इथेच कुणीतरी अडवलंय.”

तिघं पुन्हा पोपटकडे धावली. “पोपटकाका, खडीखाली काय आहे?”

पोपट उठून बसला. त्याने डोकं खाजवलं. “तिथं व्हॉल्व्ह हाय. जत्रंला देवळाकडं पाणी जोरात पायजे, म्हून फाट्याची लाइन बंद केलती. मग...” त्याची जीभ अडखळली. “मग वर खडी पडली आन् माझ्या ध्यानातनंच गेलं की!”

“मग आता उघडा ना!”

“आरं, खडी रस्तेवाल्याची. सरपंचांनी सांगितल्याबिगर हात लावता येत न्हाई.”

सरपंच मारुतराव कांद्याची ट्रॉली भरून घेण्यात गुंतले होते. मुलांचं ऐकायलाही त्यांनी मान वळवली नाही. “बघू, बघू. म्होरल्या मीटिंगला घिऊ. मला मार्केट यार्डात जायाचंय. व्हा बाजूला!”

पुढची मीटिंग होईपर्यंत अनसाबाईंची चूल राहणार नव्हती. परतताना गौतमी रागाने खडे लाथाडत होती. फाट्यावर आल्यावर मात्र तिचे डोळे चमकले.

“मामा, शेजारच्या विहिरीवरून एक बॅरल पाणी आणशील? आणि मामी, घरातून आणलेले सगळे पंचे मला हवेत.”

“एका बॅरलनं कितीसं भागंल, पोरी?” अनसाबाईंनी विचारलं.

“भागू नये, असाच बेत आहे!”

मामी साशंक होती. “ही लोकांची फसवणूक तर नाही ना?”

“पाणी खरं, जेवण खरं, पंचेही आपलेच,” गौतमी म्हणाली. “फसवणूक कसली?” मग मामीने पंचे तर दिलेच, शिवाय मामाचं धोतरही ट्रॅक्समधून काढून स्वतः ओलं करून तारेवर टाकलं.

पहिला ट्रक भर्रकन निघून गेला. दुसराही! स्वराजचं तोंड उतरलं. तिसऱ्याने मात्र करकचून ब्रेक मारले. “मौसी, पानी आ गया क्या?” त्यातून तोच कानडी ड्रायव्हर हसत उतरला. एक ट्रक उभा दिसला म्हणून मागचा थांबला, तो दिसला म्हणून त्याच्या मागचा! कुणी साखर वाहणारा, कुणी लोखंड वाहणारा. बघता बघता फाट्यावर रांग लागली. मंडळींनी डोक्याला साबण चोळला, बॅरलमध्ये डबा बुडवला आणि डबा खण्णकन तळाला लागला.

“पानी! अरे, पानी लाओ!” डोळ्यांत साबण गेलेले ड्रायव्हर आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखे फिरू लागले.

नेमकी तेव्हाच सरपंचांची कांद्याची ट्रॉली गावातून फाट्यावर आली. समोर ट्रकची भिंत! मारुतराव हॉर्नवर हॉर्न मारत खाली उतरले. “ए, गाड्या काढा! मला यार्डात जायाचंय!”

“पहले पानी, फिर गाडी!” साबणाने पांढरीफेक झालेली ती फौज त्यांच्याभोवती जमली. “इसको धोये बिना गाडी कैसे चलायेगा?”

गौतमी पुढे झाली. “सरपंचआबा, पाणी त्या खडीखाली आहे. पोपटकाकांना व्हॉल्व्ह उघडायला सांगा, की लगेच रस्ता मोकळा!”

मारुतरावांनी कांद्याकडे पाहिलं, साबणाकडे पाहिलं आणि आरोळी ठोकली, “पोप्टाऽऽ! चावी घिऊन पळ!”

फावडी ट्रकमध्येच होती. साबणासकट ड्रायव्हर खडीवर तुटून पडले. ढीग बाजूला झाला, लोखंडी झाकण उघडलं, पोपटने घामाघूम होत चावी फिरवली. इकडे हौदाच्या नळाने आधी फसफस हवा सोडली, मग तांबडा चिखल ओकला आणि मग पांढरीशुभ्र, मनगटाएवढी धार पडू लागली!

“आलं गं बाई!” अनसाबाईंनी दोन्ही हात धारेखाली धरले. त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. धारेपाशी चाललेल्या ढकलाढकलीकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

आंघोळी झाल्या, गाड्या कडेला लागल्या आणि सगळे ड्रायव्हर जेवायला बसले. आता पीठ मळायचं कुणी आणि भाकरी थापायची कुणी? मामीने पदर खोचला, चुलीपुढे बसकण मारली आणि परातीत पीठ ओढलं. बाहेरच्या खाण्याला नाकं मुरडणारी मामी परक्या मुलखातल्या ड्रायव्हरांना भाकऱ्या थापून घालत होती! मामा नुसताच आ वासून बघत राहिला.

मारुतराव जाता जाता थांबले. त्यांनी टोपी मागे सारली. “पोरांनो, हा व्हॉल्व्ह माझ्या गावचा. आन् ह्याची याद मला दौंडच्या लेकरांनी द्यावी! चुकलं आमचं. शाबास तुमची!”

“मग काय मामी? पास?” स्वराजने दबकत विचारलं.

“पास!” पिठाचे हात उडवत मामी म्हणाली. “परवा सांचीला निघायचं. पण तुझा ट्रकचा नियम बंद हं, नवनाथ! जेवण कुठे करायचं, ते ही तिघं ठरवतील. ट्रक का थांबलेत, हे आधी विचारतात ती!”

ऊन उतरलं, तेव्हा एक रिकामा टेम्पो शेडपाशी आला. अनसाबाईंचा भाऊ ज्योतिबा खाली उतरला आणि ट्रकची रांग, भरलेल्या बाजा, वाहता हौद बघून गोंधळून उभाच राहिला.

“आक्का, सामान कुठाय? भरायचं न्हाई का?”

अनसाबाईंनी तव्यावरची भाकरी उलटली. “आलाच हाईस तर हात धू आन् जेवाय बस,” त्या म्हणाल्या. “टेम्पो रिकामाच न्यायचाय.”