मद्यकुंभाचा कान

जयवंताबाईंच्या कापूस साठवायच्या खोलीत उत्खननाचं टेबल मांडलेलं होतं. त्याच्यापाशी वृषाली उभी होती, आणि हर्षदीप तिला सापडलेलं खापर बोटांत फिरवत होता.

त्यानं ते पाहताक्षणीच ओळखलं होतं. गुलाबी माती, तीत ज्वालामुखीच्या वाळूचे काळे कण, वर दुधी लेप, झिजून गुळगुळीत झालेल्या कडा. रोमन मद्यकुंभाचा धरायचा कान. दोन हजार वर्षांपूर्वीचा. बेला गावाजवळच्या या पांढरीच्या, जुन्या वस्तीच्या टेकाडावर तो कित्येक उन्हाळे खपला होता, आणि हाती आली ती सगळी गावठी खापरं. वृषाली पुण्याहून परवा आली, आणि पहिल्याच खड्ड्यात तिला रोम भेटलं.

"काऊन बोलत नाई, भाऊ?" चहा ठेवत जयवंताबाईंनी विचारलं.

"अलीकडचं आहे," तो म्हणाला. "शंभरेक वर्षांचं."

"मंग आमच्या आजेसासूनंच फोडलं असन."

वृषाली हसली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी खापराच्या कडा धारदार झालेल्या होत्या.

"तू घासलंस?" तिनं विचारलं.

"नाही." इथं त्याला भीती वाटायला हवी होती. पण तिच्या आवाजातला मालकीचा सूर सलला. "जुनं नाहीच ते. मागच्या साली फुटलेलं असेल."

दुपारी खापराला धुराचा वास येऊ लागला. जयवंताबाईंनी बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"चुलीत ठेवलं होतं काय वं, पोरी?"

वृषालीनं ते ओढणीत धरलं होतं. फोनवर ती कुणाला तरी सांगत होती, "हो सर, रोमनच. मला सापडलं."

"अजून भाजलेलंसुद्धा नाही ते," हर्षदीप पुटपुटला.

खापर निवलं. ओढणीतून तिच्या तळहातावर घसरलं ते ओलं, मऊ होऊन. मग माती हळूच दबली, आणि तिच्यात एका अंगठ्याचा ठसा उमटला. शेजारी दुसरा. कुणीतरी कान कुंभाला जोडत होतं.

हात दिसत नव्हते.

"हर्षदीप, खरं सांग. काय आहे हे?"

"दोन हजार वर्षांचं." तो म्हणाला. "रोमन आहे. तुझंच आहे, वृषाली."

माती थांबली. सुकली. कडा पुन्हा झिजल्या.

वृषालीची मूठ मिटली. दोन हजार वर्षं जमिनीत पुरलेल्या वस्तूवर चढतो तसा चुन्याचा पांढरा थर तिच्या बोटांच्या पेरांवर चढू लागला.

"टाक ते. मूठ उघड."

तिनं त्याच्याकडे पाहिलं, अनोळखी माणसाकडे पाहावं तसं. थर मनगटाशी पोहोचला होता. घड्याळाची काच पार झाकून गेली होती.

"वृषाली?"

ती वळली, आणि खापर सापडलं त्या खड्ड्याच्या दिशेनं चालू लागली.