मांडवाच्या दारातला पाहुणा

"आई, विडा उचल!"

करिष्मा उंबऱ्याबाहेर उभी होती. हातातल्या तबकात विड्याची पानं, सुपारी, हळकुंड आणि नारळ... धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाणाऱ्या धवलारणीला आवतण द्यायची हीच रीत. लग्नघरचं माणूस विडा घेऊन तिच्या दारी येतं. तिनं तो उचलला, की हळदीला मांडवात तिचे धवले होणार, हा शब्द झाला. मानकोलीत आणि खाडीकाठच्या कितीतरी गावांत नवऱ्यामुलींना ठकुबाईच्या गळ्यानंच हळद लागली होती. पण पोटच्या पोरीनं स्वतःच्याच लग्नाचा विडा घेऊन असं परक्यासारखं दाराबाहेर उभं राहावं...! ठकुबाईच्या काळजात कळ उठली.

"उचल ना गं. काकांच्या दारात मांडव पडलाय. बाया म्हणतात, नवरीची आईच धवलारीण, मग घोर कसला! काय सांगू त्यांना?"

ठकुबाईचा हात पुढं झाला... आणि अर्ध्यावरच थांबला. आत खुर्चीत तिचा मुलगा मनोज बसला होता. मांडीवर शास्त्र, त्यांचं बायबल, उघडं होतं, पण नजर पानावर नव्हती.

"करिष्मा, ते तबक घरात आणू नको. ब्रदरनी सांगितलंय."

"आणलंय कुठं, दादा? बाहेरच उभी आहे. तुझ्या ब्रदरना कळव, उंबरा विटाळला नाही म्हणावं!"

स्वयंपाकघराच्या दारात सून मेघाली कडेवर पोर घेऊन उभी होती. पोरीचं नाव आधी तुळजा होतं. प्रार्थनासभा चालवणाऱ्या ब्रदर विशालनी ते बदलून ग्रेस ठेवलं; देवीचं नाव घरात नको म्हणून. ठकुबाई चारचौघांत जीभ वळवून ते नवं नाव घ्यायची, आणि एकटी असली की तुळजा, तुळजा करत पोरीचे मुके घ्यायची.

येशू या घरात पहिल्यांदा आला, तो असा नव्हता आला...

ठकुबाईचा नवरा लडकू दारूनं आतून सडून सरकारी दवाखान्यात पडला होता, आणि तरणाताठा मनोज बापाच्याच वाटेनं निघाला होता. त्या वॉर्डात रूपाताई नावाची आया होती. ड्युटी संपली तरी ती लडकूच्या उशाशी बसून हळू आवाजात प्रार्थना करायची, ठकुबाईच्या विस्कटलेल्या केसांना तेल लावून वेणी घालून द्यायची. लडकू गेल्यावर तीच मनोजला शोधत गुत्त्यावर गेली, हाताला धरून घरी घेऊन आली. तिच्या खोलीत भरणाऱ्या लहानशा सभेतली माणसं आळीपाळीनं त्याच्याजवळ बसली, त्याच्या शिव्या खाल्ल्या, त्याची उलटी पुसली... आणि मनोजची दारू सुटली! गोदामात शिफ्टवर लागला, संसार मांडला, पाळणा हलला. रूपाताईच्या खोलीत कुणी कुणाला आपली रीत सोडायला सांगितलं नव्हतं.

"तुमची गानी मना न्हाय येत गो," ठकुबाई संकोचून म्हणाली होती. "मना निस्ते धवले येतात."

"मग धवलाच गा की, मावशी!" रूपाताई म्हणाली. "येशूला लग्नघर आवडायचं."

शाळकरी करिष्मानंच मग आईला शास्त्रातली काना गावच्या लग्नाची गोष्ट वाचून दाखवली. भर लग्नात द्राक्षारस संपला, घरच्यांची तोंडं उतरली, आणि येशूनं रांजणातल्या साध्या पाण्याचा द्राक्षारस केला. ठकुबाई हरखून गेली. "म्हंजे लग्नघरची लाज राखली गो त्यानं! लई भला मानूस!" आणि वाल सोलता सोलता तिनं धवला जुळवला...

काना गावान मांडव पडला,
मांडवा दारी कोन गो आला?
आला गो आला मरियेचा येशू,
लग्नघरची लाज राखून गेला!

"माझ्या हळदीला हाच गायचा हां, आई!" करिष्मा गळ्यात पडून हसली होती. "वचन दे!"

ठकुबाईनं वचन दिलं होतं.

पुढं रूपाताई म्हाताऱ्या आईला सांभाळायला गावी निघून गेली. सभा गोदामांपलीकडच्या मोठ्या शेडमध्ये गेली आणि तिथं ब्रदर विशाल आले. माणूस वाईट नव्हता. स्वतः कुठल्यातरी चिखलातून वर आलेला, म्हणून प्रत्येक ओल्या जागेला भिणारा. आधी सभेतल्या बायांचं कुंकू गेलं, मग बांगड्या, मग गणपतीत भावकीकडचं जेवण. केसातल्या गजऱ्यावरून करिष्माला भर सभेत उठवलं, तेव्हापासून तिनं शेडची पायरी चढली नाही. आणि आता हळद! जो हळदीच्या मांडवात जाईल त्याचं अख्खं घर सभेबाहेर. त्याच्याशी कुणी बोलायचं नाही, त्याच्या दारी कुणी जायचं नाही.

म्हणून मनोजनं बहिणीच्या लग्नाचा मांडव आपल्या दारात घालू दिला नाही. शेवटी तीन घरं पलीकडं राहणाऱ्या केसरीनाथकाकांनी पुतणीला आपल्या घरी नेलं.

कालच ठकुबाईनं ब्रदरपुढं पदर पसरला होता.

"त्यो सोता लग्नाला गेलता नं, ब्रदर? मंग मी माज्या पोरीच्या लग्नाला का नको जाऊ? मी त्याचंच नाव घेईन."

"मावशी, चाल मूर्तिपूजकांची आहे. शब्द बदलून गळा शुद्ध होत नाही," ब्रदर म्हणाले होते. शांतपणे, मास्तरांनी वही तपासावी तसे.

आणि आता हे तबक...

ठकुबाईनं मनोजकडं पाहिलं. शास्त्रावरचा त्याचा उजवा हात थरथरत होता. बारीक, तसाच... गुत्त्यावर जायच्या आधी थरथरायचा तसा! सभेतल्या माणसांच्या आधारानं उभा राहिलेला पोर. तो आधार काढून घेतला तर? मागच्या आठवड्यात शिफ्टवरून त्याला उशीर झाला, तेव्हा दारातच मेघालीनं त्याच्या शर्टाचा वास घेतलेला तिनं पाहिला होता. ठकुबाई स्वतः आयुष्यभर लडकूच्या शर्टाचा असाच वास घेत आली होती.

करिष्माला चांगलं घर मिळालं होतं. ती रडेल, पण तिचा संसार उभा राहील. आणि हा...?

"न्हाय गो बाय," ती कशीबशी म्हणाली. "मना न्हाय जमाचं."

करिष्मानं पुढं केलेलं तबक मागं घेतलं.

"वचन दिलं होतंस, आई."

खरं कारण सांगावं तर मनोज ऐकत होता. त्याच्या तोंडावर त्याच्यातलं दुबळं माणूस दाखवायचं कसं?

"तुला स्वर्गात जायचंय ना? जा!" करिष्माचा आवाज फाटला. "तुझा येशू मीच तुला वाचून दाखवला. चुकलंच माझं! आजपासून तो तुमचा. मला त्याचं नाव नको."

तबक पायरीवर ठेवून ती निघून गेली. वळूनही पाहिलं नाही तिनं.

हळदीच्या संध्याकाळी मागच्या पडवीत ठकुबाई वाल सोलत बसली होती. काकांच्या मांडवातला गलका स्पष्ट ऐकू येत होता. मध्येच गलका थांबला... धवल्यांची वेळ! बायका वाट पाहत असणार, नवरी रस्त्याकडं डोळे लावून बसली असणार... ठकुबाईचे ओठ हलू लागले. धवला गळ्यापर्यंत आला, आणि तिनं तो तसाच आत गिळला. थोड्या वेळानं पलीकडं डीजे धडाडला.

"आई, जा ना तुम्ही," मेघाली हुंदका आवरत म्हणाली. "मी ह्यांना सांभाळीन."

"मीपन आसंच म्हनायची गो," ठकुबाई म्हणाली. "लडकूला मी सांभाळीन. सांभाळला का? सभा सुटली तर माजा पोर सुटंल. माजी पोरगी रुसली तर एक दिस हासंल... माज्या लेकरावानी तुज्या लेकरानं बापाशिवाय वाढू नये यवडंच मना पायजे. आनि हे त्याला सांगशील तर माजी आन हाय तुला!"

करिष्मा अकलोलीला नांदायला गेली. सण आले, गेले. तिचा फोन यायचा, पण मेघालीला. "आई बरी आहे ना?" एवढंच विचारायची. आईला फोन दे, असं तिनं कधी म्हटलं नाही. ठकुबाई त्या फोनच्या आसपास उगाच भांडी लावत राहायची.

आणि मग तो रविवार उजाडला. त्या दिवशी शास्त्रवाचन मनोजकडं होतं, आणि नेमकं काना गावचं लग्न आलं. मनोज खड्या आवाजात वाचायला लागला... गावात लग्न होतं, आणि त्या लग्नाला येशूची आई आलेली होती...

तो थांबला.

मनोजनं पुन्हा तेच वाचलं, या वेळी हळू, कुणीतरी पहिल्यांदाच सांगावं तसं. येशूची आई आलेली होती. लग्नाला. त्याची नजर मागच्या रांगेत गेली, जिथं त्याची स्वतःची आई पदर डोक्यावर ओढून खाली मान घालून बसली होती.

"पुढे वाचा, ब्रदर मनोज," विशाल म्हणाले.

"पुढचं मी सांगते!"

मेघाली उभी राहिली होती. कडेवर पोर, अंग कापतंय, डोळे पाण्यानं भरलेले.

"गप गो!" ठकुबाईनं तिचा पदर ओढला. "आन हाय तुला!"

"असू दे, आई. मला नरकात जाऊ दे!" मेघाली रडत बोलत होती. "अहो, आई हळदीला का गेल्या नाहीत माहितेय तुम्हाला? नियमासाठी नाही. देवासाठीसुद्धा नाही. सभेनं टाकलं तर तुम्ही परत प्याल म्हणून! तुमच्यासाठी त्यांनी स्वतःच्या पोरीला दारातून परत पाठवलं... आणि आपण इथं बसून कुणाच्या कपाळाला काय लागलंय ते बघतोय!"

मनोजनं शास्त्र मिटलं, खाली ठेवलं आणि तो रांगांमधून चालत आईपाशी आला. तिच्या पायांवर त्यानं डोकं ठेवलं, तेव्हा त्याचं सगळं अंग लहान पोरासारखं हुंदक्यांनी हलत होतं.

"आये... आये, हे काय केलंस गो तू...!"

दुसऱ्याच दिवशी ते सगळे अकलोलीला गेले. करिष्मा अंगणात होती. भावाला पाहून ती आत वळणार, तोच मनोज पुढं झाला. त्याच्या हातात तबक होतं. पानं, सुपारी, हळकुंड, नारळ. बहिणीच्या हातात देऊन तो म्हणाला, "हा विडा तूच दे आयेला. माझी लायकी न्हाय." आणि तिथंच उभ्या उभ्या त्यानं सारं सांगितलं, स्वतःच्या थरथरत्या हातासकट.

करिष्मा ऐकत राहिली. मग तबक तसंच टाकून ती आईच्या गळ्यात पडली. "मला सांगायचंस ना गं! एक शब्द... एक शब्द सांगायचास!"

"तुला सांगतलं आस्तं तर दादापायी तूच हळद मोडली आस्तीस गो बाय. मना ठावं हाय नं तू."

मेघालीनं हळद कालवून आणली. लग्न होऊन बसलेल्या पोरीच्या गालांना ठकुबाईनं हळद लावली आणि धवले सुरू केले. आवाज चिरकला, मग मोकळा झाला. मांडवाचा धवला झाला, हळदीचा झाला, शेजारच्या सासुरवाशिणी दारात येऊन उभ्या राहिल्या. आणि मग तो धवला आला... 'काना गावान मांडव पडला...'

करिष्मानं आईच्या तोंडावर अलगद हात ठेवला.

"तो नको, आई."

"माज्या बाय..."

"त्याच्यावर राग नाही माझा. पण हळदीच्या दिवशी मी रस्त्याकडं बघत बसले होते ना, तेव्हा तो आला नाही गं. त्याच्या माणसांनी येऊ दिला नाही, कळतंय मला. पण आता माझ्याकडनं दार उघडत नाही. तुझ्यापाशी असू दे त्याला. माझ्याकडं तू आलीस, तेवढं पुरे."

मनोजनं खाली मान घातली. ठकुबाईनं एकदा पोरीकडं पाहिलं... आणि तो धवला सोडून पुढचा धरला. नाव न घेता हळद पुरी झाली.

परतीला अंबाडी नाक्यावर एसटीची वाट पाहत ते उभे होते. मनोज हळूच म्हणाला, "आये, एक धवला राहिला."

"राहिला," ठकुबाई म्हणाली.

नात तिच्या खांद्यावर पेंगुळली होती. पोरीला थोपटता थोपटता, स्वतःच्याही नकळत, तिच्या ओठांवर तेच आलं... "मांडवा दारी कोन गो आला?" आणि तिथंच ती थांबली.

"येसू!" तुळजा झोपेतून हसून म्हणाली.

ठकुबाईनं तिला छातीशी घट्ट धरलं. आजवर कुणापुढं न रडलेली ती म्हातारी, अकलोलीच्या रस्त्याकडं तोंड फिरवून, भर नाक्यावर ओक्साबोक्शी रडली.