जुन्या आवृत्तीतला उत्तररंग

दतिया गेटजवळच्या माझ्या दुकानात एक लोखंडी कपाट आहे. कॉम्प्युटरच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या जुन्या आवृत्त्यांच्या सीड्या त्यात सालवार लावल्या आहेत. गिऱ्हाइकं हसतात. "नीलकंठ भैया, अजायबघर खोल लो." हसू देत. कुणाचं एक्सरे मशीन नव्या आवृत्तीवर चालत नाही, कुणाचं पत्रिकेचं सॉफ्टवेअर उघडत नाही. अशाला रिकाम्या हाती धाडायचं नाही, हा माझा नेम. एकादशीसारखा पाळलेला.

तो मी कमलताईंपाशी मोडला.

त्या मंगळवारी सकाळीच कॉम्प्युटर घेऊन आल्या. "भतीज्यानं यात नवं घालून दिलं हो. बाबांचं कीर्तन उघडतच नाही. गुरुवारी पुण्यतिथी, सगळ्यांना ऐकवायचंय. जुनं तुमच्याकडेच मिळतं म्हणतात."

"ती आवृत्ती आता नाही मिळत, ताई."

सीडी माझ्या पाठीशी, तिसऱ्या कप्प्यात होती.

"बघा तरी. संध्याकाळी येते," म्हणाल्या, आणि मशीन ठेवून गेल्या.

त्यांचे वडील रमाकांतबुवा. बारा वर्षांपूर्वी सिविल लाइंसमधल्या त्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग मीच केलं होतं. पूर्वरंग संपला आणि बुवा माइकपासून तोंड वळवून म्हणाले, "छाती भरून येतेय रे. आज इथंच आरती करू." मला उत्तररंगातलं आख्यान ऐकायचं होतं. "असं काय करता बुवा, लोक ग्वाल्हेरहून आलेत," म्हणालो, आणि यजमानांच्या हातातला हार घेऊन मीच त्यांच्या गळ्यात घातला. मध्यंतराचा हार पडला की बुवांना उत्तररंगाला उभं राहावंच लागतं. ते उभे राहिले. पहिल्या ओळीलाच कोसळले. मी रेकॉर्डिंग बंद केलं. लोक म्हणाले, काय भाग्याचं मरण! मीही मान हलवली.

आमचं ते बोलणं रेकॉर्डिंगात होतं. ताईंनी ते कधी कान देऊन ऐकलं नव्हतं.

दुपारी दुकान आतून लावून मी सीडी घातली. तेवढं बोलणं कापायचं आणि ताईंना 'मिळाली' म्हणून सांगायचं, एवढाच बेत.

कीर्तन उघडलं. सत्तेचाळीस मिनिटं. कापलं, सेव्ह केलं. अठ्ठेचाळीस.

पुन्हा कापलं. त्रेपन्न. बोलणं जागच्या जागी.

शेवट लावून पाहिला. पेटीचा सूर. बुवा पडल्याचा धप्प आवाज. मी बटण दाबलं होतं ती जागा आली आणि गेली.

तबला लागला.

बुवा आख्यान सांगू लागले. प्रत्येक ओळीनंतर ओढून घेतलेला श्वास. समोर कुणी खोकत नव्हतं, कुणी झांज धरत नव्हतं. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. इतकं गोड आख्यान मी जन्मात ऐकलं नव्हतं.

मग बुवा थांबले.

स्पीकरमधून माझ्या दुकानाची कडी वाजली. कमलताईंचा आवाज आला, "मिळाली का हो?"

आणि माझा. "नाही, ताई."

दाराकडे पाहिलं. बंद होतं.

"कमल," बुवा म्हणाले, माइकपासून तोंड वळवून. "हार घाल त्याला."

रेकॉर्डिंग संपलं.

कडी वाजली.

उघडलं. दारात कमलताई. हातात केळीच्या पानाचा ओला पुडा. "गुरुवारसाठी हार सांगितला होता, फुलवाल्यानं आजच दिला बघा. मिळाली का हो?"

छाती भरून येत होती.

"नाही, ताई."

ताईंनी पुड्याची गाठ सोडली.