राहिलेला हात

बाबालाल मणेराचं बांगड्यांचं दुकान कोल्हापुरात, देवळाच्या महाद्वाराच्या अंगाला, एका अरुंद बोळात होतं. पुढं बांगड्यांच्या माळा, मागं पडदा, पडद्यामागं खोली आणि त्या खोलीचं दार मागल्या गल्लीत. गोशातल्या बायका त्या दारानं येत, पडद्याआड बसत आणि तेवढा हात बाहेर काढत. चेहरा बघायचा नाही, नाव विचारायचं नाही, असा धंद्याचा रिवाज होता.

काचेची बांगडी चढताना हात दुखतो. म्हणून बाबालाल बाईला बोलतं करायचा. "म्हणा की कायतरी बाई, हात सैल सुटतोय." मग कुणी जात्यावरची ओवी म्हणायची, कुणी नवऱ्याच्या नावानं बोटं मोडायची, कुणी नुसतीच लाजायची. संध्याकाळपर्यंत त्या सगळ्याची झकास लावणी व्हायची आणि शेवटच्या कडव्यात छाप पडायची, 'बाबालाल म्हणे'. रुसवा बायकांचा, हुरहूर बायकांची, नाव तेवढं ह्याचं! बायकांचं मन ओळखावं ते बाबालालनं, असं अख्खी शिवाजी पेठ म्हणायची आणि हा गडी मिशीला पीळ देत ऐकायचा. नुसतं मनगट धरून बाई कुठल्या घरची ते सांगतो, ही त्याची दुसरी बढाई. ती मात्र खरी होती.

महाराज गादीवर येऊन दहा-बारा वर्षं झाली होती. बाबालालची बायको रोशनबी प्लेगात जाऊन दोन वर्षं झाली होती. लेक मदिना जवळच्याच गल्लीत दिलेली, ती दुपारी भाकरी घेऊन यायची.

त्या शुक्रवारी बाबालालचा जीव टांगणीला लागला होता. दुसऱ्या दिवशी तालमीच्या चौकात लावण्यांचा सामना होता. तीन वर्षं मानाचा फेटा केरबा शाहीर नेत होता. यंदा हरलो तर डफ कायमचा खुंटीला, अशी बाबालालनं भर चौकात शपथ घेतली होती, आणि लावणी तर एक सुचत नव्हती. त्याचा तुणतुणेवाला गौस सकाळपासून दोनदा डोकावून गेला होता.

भाकरी ठेवून मदिना म्हणाली, "अब्बा, मागलं दार आतनं लावलंय. शेजारची शेळी शिरतीया."

ती गेली. जरा वेळानं पडदा हलला आणि एक डावा हात बाहेर आला.

हात सरदाराघरचा नव्हता. तळव्याला जात्याचे घट्टे, अंगठ्याच्या बुडाशी भाजल्याचा जुना डाग. बाबालालनं मनगट चाचपलं आणि चकित झाला. कोल्हापुरातलं एकूण एक मनगट त्याच्या बोटांना पाठ, पण हे माप नवीन होतं. त्यानं हिरव्या बांगड्या काढल्या, अगदी घट्ट मापाच्या. एकदा चढल्या की वाढवल्याशिवाय निघायच्या नाहीत अशा.

"म्हणा की कायतरी बाई."

पडद्याआडून बारीक आवाजात गाणं आलं.

*साऱ्या गावाचा धरतोस हात, माझाच राहिला धरायचा,*
*सांग साजणा, माझा चुडा कुठल्या सणाला भरायचा?*

बाबालालचा हात थबकला. काय ओळ होती! त्यानं पुढची बांगडी चढवली.

*उरल्यासुरल्या चार बांगड्या टाकतोस रं पदरात,*
*मीच घालते, मीच वाजवते, तू हाईस कुठं घरात?*

बाबालाल खुदकन हसला. ही तर कुठल्यातरी मणेराचीच घरवाली! स्वतःच्या बायकोला चुडा न भरणारा तो कोण अकलेचा खंदक, असं त्याच्या मनात आलं आणि त्याला त्या बिचारीची फार दया आली. गाणं डोक्यातून निसटायच्या आत लिहून काढावं म्हणून तो टाक घ्यायला वळला. परत बघतो तर हात नाही. पडदा सारला. खोलीत कुणी नव्हतं.

मागल्या दाराची कडी आतून लागलेली होती.

तो थोडा वेळ कडीकडे बघत राहिला. मग सामन्याची आठवण झाली आणि तो लिहायला बसला.

शनिवारी दुपारी तालमीचा चौक माणसांनी फुलला होता. माड्यांवर बायकांची ही गर्दी. केरबानं विरहाची लावणी म्हणून टाळ्या घेतल्या. मग बाबालालनं डफावर थाप मारली, गौसनं तुणतुणं छेडलं, आणि पहिल्याच कडव्याला माड्यांवर हशा पिकला. दुसऱ्याला बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या. एका म्हातारीनं खाली उभ्या नवऱ्याला भुईमुगाची शेंग फेकून मारली. "ऐका, ऐका जरा!" असं ओरडली आणि सगळा चौक खदखदून हसला. इतका आनंद बाबालालला वर्षानुवर्षं झाला नव्हता.

आता शेवटचं कडवं. छापेचं. ते त्यानं स्वतः रात्री जुळवलं होतं. त्यानं श्वास घेतला, 'बाबालाल म्हणे' म्हणायला तोंड उघडलं, आणि त्याच्या गळ्यातून आलं ते असं:

*रोशन म्हणे, रं मणेर राजा, रुसवा आता सरायचा,*
*एक भरलास, दुसरा हात कधी सांग तू धरायचा?*

चौकानं नुसता कल्ला केला. फेटा त्याच्या डोक्यावर बसला. गौसनं त्याला उचलूनच घेतलं.

"लेका, वैनीचं नाव घातलंस! कधी जुळवलंस रं ह्ये?"

"म्या न्हाय जुळवलं," बाबालाल म्हणाला. तो हसत होता आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं.

घरी न जाता तो तडक दुकानात आला. मदिना आधीच येऊन बसली होती, बापाचा फेटा बघून तिला हसू आवरेना. बाबालालनं तिला शेजारी बसवलं.

"पोरी, तुझ्या आईचं माप काय हुतं?"

मदिनाचं हसू मावळलं. "मला काय ठावं? मणेर तुम्ही हाय की."

"म्या कधी भरल्याच न्हाईत तिला. दुकान झाडून उरलेल्या द्यायचो. पंचवीस वर्षं." जगातलं हे एकच मनगट त्याच्या बोटांना ठाऊक नव्हतं. मग त्यानं हळूच विचारलं, "तिच्या हाताला डाग हुता?"

"डाव्या. अंगठ्यापाशी. ईदच्या शेवया गाळताना भाजलं हुतं. तुम्ही त्या दिवशी शाहिरीला गेलता."

बाबालाल उठला. त्यानं मागल्या दाराची कडी स्वतः बघितली. लागलेली होती. मग हिरव्या बांगड्या काढल्या, कालच्याच मापाच्या, एकेक पुसून ओळीनं मांडल्या आणि पडद्यासमोर मांडी घालून बसला.

"अब्बा, कुणाची वाट बघताय?"

"बस गप."

बोळात ऊन आलं. बाहेर कुणीतरी त्याचीच लावणी गुणगुणत गेलं.

पडदा हलला.

उजवा हात बाहेर आला. मोकळा. आत, पडद्याआड, दुसऱ्या हातातल्या बांगड्या किणकिणल्या.

मदिनानं बापाची बाही घट्ट धरली.

बाबालालनं तो हात आपल्या हातात घेतला. पहिली बांगडी चढवायला त्यानं फार वेळ लावला.