गोलातले सर

शेवगावच्या एसटी स्टँडसमोरच्या रसवंतीत बसून भार्गवीनं एका अनोळखी माणसाला त्याचीच विद्या शिकवायला घेतली, तेव्हा तिच्या चेहऱ्यावरचा आत्मविश्वास बघण्यासारखा होता. मास्तरकीचा हा गुणच आहे. समोर कोरा चेहरा दिसला की हात आपोआप खडूकडे जातो.

त्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात कानतपासणीचं शिबिर होतं आणि भार्गवी आपल्या शाळेतल्या निकिताला घेऊन आली होती. निकिता दुसरीतली. जन्मापासून ऐकू येत नाही. डोळे मात्र असे की समोरच्याच्या खिशात काय आहे तेही वाचतील. सोबत तिची आजी, गोजरबाई. तपासणी झाली, रस आला. निकितानं रसवाल्याकडे बघून बोटं हनुवटीला लावली, हात पुढे नेला, मान जराशी लववली, आणि मग एका बोटानं नाकावरचा नसलेला चष्मा वर सरकवला.

पलीकडच्या टेबलावरचा एक तरुण ग्लास तोंडाशी नेता नेता थांबला.

"मॅडम, एक विचारू? ते शेवटचं... नाकापाशी... ते काय होतं?"

"ती रसवाल्याचे आभार मानतेय."

"ते हनुवटीपाशीच मानून झाले की. नाक कशाला?"

भार्गवी भिंगारची. घरात आजोबांपासून सगळे शिक्षक, त्यामुळे शंका विचारणारा माणूस तिला मुळातच आवडायचा. "नुसती हनुवटी म्हणजे तोंडदेखले आभार," ती म्हणाली. "चष्मा वर केला की मनापासून. सांकेतिक भाषेत असतं तसं."

"असं? कुठं शिकलात?"

"ऑनलाइन प्रशिक्षणात. प्रमाणपत्र आहे माझ्याकडे."

"मग बरोबरच असणार," तो गंभीरपणे म्हणाला. पण ओठांचा एक कोपरा काही त्याचं ऐकेना. नीट बघावं म्हणून त्यानं खिशातून चष्मा काढून डोळ्यांना लावला. चष्मा घसरला. त्यानं तो एका बोटानं वर सरकवला.

निकितानं ग्लास टेबलावर आदळला. त्या माणसाकडे बोट दाखवलं, आणि त्याच बोटानं स्वतःच्या चेहऱ्याभोवती हवेत एक गोल काढला. मग पुन्हा एकदा, मोठ्या घाईनं.

भार्गवीनं आपला ग्लास खाली ठेवला. तो गोल तिच्या अख्ख्या वर्गाला ठाऊक होता.

गेल्या वर्षी दिव्यांग मुलांना शिकवण्याबद्दल सगळ्या शिक्षकांना ऑनलाइन प्रशिक्षण लागलं होतं. अशी प्रशिक्षणं कशी पुरी होतात हे शिक्षकांना माहीत असतं आणि प्रशिक्षण देणाऱ्यांनाही. फक्त कुणी बोलत नाही. व्हिडिओ चालू करायचा, आवाज बंद करायचा, आपल्या कामाला लागायचं. भार्गवीनंही मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि ती पोषण आहाराची माहिती भरत बसली. मान वर केली तर एका जागी कधी न टिकणारी निकिता मोबाईलसमोर मांडी घालून बसलेली. पडदाभर बोलणाऱ्या तज्ज्ञांकडे तिचं लक्षही नव्हतं. ती बघत होती खालच्या कोपऱ्यातल्या छोट्याशा गोलाकडे. त्या गोलात एक चष्मेवाला माणूस हातांनी बोलत होता, आणि मांडीवर निकिताची बोटं हळूहळू हलत होती.

भार्गवीनं व्हिडिओ पहिल्यापासून लावला. आवाज या वेळीही बंदच ठेवला, पण मुद्दाम. निकिताला जेवढं दिसतं तेवढंच आपल्यालाही दिसू दे म्हणून. मग रोज थोड्या खुणा ती शिकली, निकिता शिकली, त्यांच्यामागून सगळा वर्ग शिकला. दर भागाच्या शेवटी गोलातला माणूस आभार मानायचा, मान लववायचा आणि चष्मा वर करायचा. त्यांनी ते जसंच्या तसं उचललं, आणि त्या माणसाचं नाव ठेवलं: चेहऱ्याभोवती एक गोल.

"म्हणजे तुम्ही..." हे सगळं सांगता सांगता भार्गवी थांबली.

"हर्षल. मूळचा संगमनेरचा. सध्या गोलात राहतो."

"आणि तो चष्मा..."

"दुकानदारानं सैल दिलाय. मान लववली की घसरतो."

गोजरबाईंनी पदर तोंडाला लावला. "बाई, आक्ख्या शाळंला चष्मा लावलात की वो तुमी."

भार्गवीचे कान पेटले. हर्षल हसेल म्हणून ती वाट बघत राहिली. तो हसला नाही.

"बंद खोलीत बसून केलं होतं ते रेकॉर्डिंग," तो म्हणाला. "पंखासुद्धा बंद, आवाज येतो म्हणून. रोज वाटायचं, हा कोपरा कोण बघणारे? मीसुद्धा बाकीची प्रशिक्षणं तुमच्यासारखीच पुरी करतो, मॅडम..." त्यानं निकिताकडे वळून हनुवटीला बोटं लावली, हात पुढे केला, मान लववली. आणि चष्मा वर केला. या वेळी तो घसरला नव्हता.

"आता हेच बरोबर," तो म्हणाला.

हर्षल विशेष शिक्षक होता, राहायला नगरला. गावोगावच्या शाळांत जाऊन दिव्यांग मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना शिकवायचं हे त्याचं काम. भार्गवीची शाळा त्याच्या वाटेवर नव्हती. पण माणसाला यायचंच असलं की वाटा कशा वाकतात, हे गोजरबाईंसारख्या जाणत्या बायका ओट्यावर बसून बरोबर टिपतात. दर शनिवारी तो यायचा आणि मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉलवर खुणा सुधारून द्यायचा.

"सर, 'भाकरी' परत दाखवा."

"परत? कळली नाही, की नुसती बघायची आहे?"

"नेटवर्क अडकतंय."

"माझ्याकडे नाही अडकत."

"तुमचं नगरचं नेटवर्क. आमचं खेड्यातलं... बिचारं एकेका गोष्टीवर रेंगाळतं."

असं चाललं होतं, आणि दसरा जवळ आला.

निकिताचे आईवडील दरवर्षी दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे. पोरगी आजीपाशी राहायची. यंदा तिची आई, मुक्ताबाई, शाळेत आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बाई, निकिताला संगं न्हेनार हाय मी."

"अहो, ती आत्ता कुठं बोलायला लागलीय. तिकडं तिच्याशी कोण बोलेल?"

"समदं कळतंय मला." मुक्ताबाईचा आवाज बसला होता. "बाकीच्या बायांची पोरं फोनवर 'आई' म्हनत्यात, मंग त्यांचा जीव जाग्यावर येतो. हिचा आवाज कसा यायचा? गेल्या साली तापानं फणफणली हुती, मला म्हैन्यानं कळलं. डोळ्यांम्होरं असली तर कळंल तरी."

आईचं काही चुकत नव्हतं, आणि पोरगी गेली तर तिचे हात मुके होणार हेही तितकंच खरं होतं.

"ताई," दारातून हर्षल म्हणाला, "आवाज नाही येणार. पण तोंड दिसेल, हात दिसतील."

"मला कुठं येतंय त्ये हाताचं?"

"गोलातून शिकायचं. या बाई तशाच शिकल्यात. थोडं चुकीचं शिकल्यात, पण शिकल्यात."

मुक्ताबाईनं लेकीचे दोन्ही हात हातात घेतले. "एक म्हैना," ती म्हणाली. "म्हैन्यात मला तिचं कळलं तर ऱ्हाऊ द्या. न्हाई तर मी येऊन न्हेईन."

मग मुक्ताबाईच्या फोनवर पाठवायला छोटे छोटे व्हिडिओ झाले. पडदाभर निकिता: जेवले, ताप, भांडण, आठवण. कोपऱ्यातल्या गोलात यंदा भार्गवी होती. बायकांना बाईकडून शिकायला अवघड वाटत नाही, असं हर्षलचं म्हणणं. चित्रीकरण तोच करायचा आणि गोलाची जागा ठरवण्यात फार वेळ घ्यायचा.

ऊसतोडीच्या गाड्या गेल्या. पहिल्या शनिवारी कॉल लागला नाही. दुसऱ्या शनिवारी मुक्ताबाईचं तोंड अर्धवट गोठलं. तिसऱ्या शनिवारी सगळं लख्ख दिसलं, पण तिला लेकीचं काहीच कळेना. पदरानं डोळे पुसून तिनं फोन ठेवला. निकिता त्या दिवशी डब्याला टेकवलेल्या मोबाईलसमोरून उठलीच नाही.

चौथ्या शनिवारी शाळा सुटली आणि अवकाळी पाऊस आला. पत्र्यावर असा कोसळत होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये. कॉल लागला. मागं उसाचा फड, कोयता बाजूला ठेवलेला, आणि मुक्ताबाईनं फोन कुणाच्या तरी हातात देऊन आपले दोन्ही हात मोकळे केलेले.

जेवलीस? निकितानं विचारलं.

आठवडाभर रात्री जागून ते व्हिडिओ गिरवलेले मुक्ताबाईचे हात जरा चाचपडले. जेवले. तू?

मी पण. ताप आला होता. गेला.

पडद्यावरचे ते खरबरीत, काळवंडलेले हात थांबले, आणि मग विचारू लागले: कधी? औषध? आजी रागावली? निकिता उत्तरं देत होती, हसत होती, आजीच्या चुगल्या करत होती. गोजरबाईंना खुणा येत नव्हत्या, पण आपली चुगली ओळखायला त्यांना भाषा लागत नव्हती.

शेवटी मुक्ताबाईनं लेकीवरून नजर काढून भार्गवीकडे बघितलं. बोटं हनुवटीला लावली, हात पुढे केला, मान लववली. आणि जन्मात कधी न लावलेला चष्मा एका बोटानं वर सरकवला.

फोन बंद झाला. न्यायला येते, असं ती काही म्हणाली नव्हती.

"हिला बी लागला चष्मा," गोजरबाई डोळे टिपत म्हणाल्या, आणि नातीला घेऊन दाराशी पाऊस बघत उभ्या राहिल्या.

हर्षल काहीतरी बोलला. पत्र्याच्या आवाजात ते बुडून गेलं. भार्गवीनं कानाला हात लावून मान हलवली. तेव्हा त्यानं हातांनीच सांगितलं: आभार.

माझे कसले? तुमचे, तिनं हातांनीच परतवले.

तुम्ही बघितलंत म्हणून.

तुम्ही केलंत म्हणून.

दोन माणसं अशी एकमेकांचं देणं मान्य करायला भांडू लागली की हिशेब मिटत नाही. मग सोयरीकच करावी लागते. हर्षलला ते समजलं असावं. त्यानं स्वतःकडे बोट केलं, तळवा छातीवर ठेवला... आणि हात तिच्याकडे नेला. कुठल्याच प्रशिक्षणात नसलेलं वाक्य होतं ते. तरी भार्गवीला एका झटक्यात कळलं.

कळलं, पण ती मोठी लबाड. परत दाखवा, तिनं खुणावलं. नेटवर्क अडकतंय.

तो हसला. त्यानं सगळं वाक्य परत सांगितलं, सावकाश, एकही खूण न चुकवता. शेवटी त्याचा हात तिच्यापुढे तसाच राहिला, मान खाली गेली आणि तो सैल चष्मा नाकावरून निसटू लागला...

भार्गवीनं पुढे होऊन तो एका बोटानं वर सरकवला. अगदी मनापासून.

दारात निकितानं आजीचा पदर ओढला. त्या दोघांकडे बोट दाखवलं आणि हवेत एक गोल काढला. नेहमीचा छोटा नव्हे, चांगला ऐसपैस, दोघं मावतील एवढा.

"व्हय गं बाई," गोजरबाई म्हणाल्या. "मला बी दिसतंय."