हेझेलबाईंची ताटली

यतीन त्या दिवशी घरातून निघाला तो नुसते फोटो काढायला. भुताखेताचं त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं. त्याच्या डोक्यात होता श्रीरंग.

श्रीरंग म्हणजे त्याच्या बायकोचा, सुवर्णाचा, थोरला भाऊ. ही मंडळी राहतात त्या मिशिगनमधल्या नोव्हाय गावातच त्याचं लोकांचे टॅक्स भरून द्यायचं ऑफिस. माणूस वाईट नाही हो, पण साधी वेळ विचारली तर घड्याळ कुठून घेतलं तिथपासून सुरुवात करणार, आणि वाक्यावाक्याला ‘यार’. यतीनने आपल्याकडे नोकरीला यावं म्हणून त्याने खिडकीजवळचं एक टेबल रिकामं करून ठेवलं होतं. त्या टेबलाची गोष्ट निघाली की यतीन विषय बदलायचा.

यतीन आधी गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर. नोकरी गेली तेव्हा रडत बसला नाही, घरं तपासायचं काम शिकला. कोणी घर विकत घ्यायला निघालं की याला बोलावतात. हा छपरावर चढतो, बेसमेंटमध्ये रांगतो, नळ सोडून बघतो, आणि घराला कुठे काय दुखतंय ते सांगतो. काम मानाचं, पैसाही बरा. पण मिशिगनच्या थंडीत घर घेतो कोण? म्हणून मग इन्शुरन्सवाल्यांची किरकोळ कामं धरली. कोणाच्या तरी घराला बाहेरून फेरी मारायची, चारी अंगांनी फोटो काढायचे, पाठवून द्यायचे. आत पाऊल टाकायचं नाही. मिळणार काय, तर पेट्रोल वजा जाता कॉफीपुरतं.

सुवर्णा हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते. तिला गोड बोलायची सवय नाही. ती म्हणायची, हा धंदा नव्हे, समाजसेवा आहे. यतीन म्हणायचा, पैसे नसतील पण ओळखी होतात, आज फोटो काढले ती माणसं उद्या खरं काम देतील. त्यावर ती विचारायची, आजवर किती ओळखी झाल्या? एक झाली होती. एका कुत्र्याशी, आणि तीही पोटरीपाशी.

शेवटी दोघांचं ठरलं. संक्रांतीपर्यंत या फोटोंमधून एक जरी खरं काम आलं तर यतीन म्हणेल तसं. नाही आलं, तर खिडकीजवळचं टेबल.

निघताना सुवर्णाने दारातून ऐकवलंच. जगाची घरं तपासत फिरतोस, आपला फर्नेस महिनाभर खोकतोय तो कधी बघणार? फर्नेस म्हणजे बेसमेंटमधली, घर गरम ठेवणारी भट्टी. यतीन म्हणाला, रविवारी. रविवार तो कुठला हे काही बोलला नाही. त्याच्या टॉर्चचे सेल संपले होते. बाहेर पडता पडता त्याने पॅसेजमधल्या भिंतीवरचा तो डबा उघडला, घरात विषारी वायू झाला की ओरडतो तो, आणि त्यातले सेल काढून टॉर्चमध्ये घातले. संध्याकाळी परत घालू म्हणाला.

फोटो काढायचं घर गावाबाहेर होतं, शेतांच्या पलीकडे. खडीचा रस्ता बर्फाखाली गेलेला. दुपार कलली होती, पण तिकडे जानेवारीत दुपार आणि संध्याकाळ यांच्यात फारसं अंतर राहत नाही. उजेड राखेसारखा झाला होता. लाकडी जुनं घर, मागे वाकलेलं धान्याचं कोठार, आणि आवाज म्हणाल तर कुठला नाही. गाडीचं दार लावलं तो आवाज केवढा वाटला त्याला.

रीतीप्रमाणे त्याने दार वाजवलं. वाजवून मागे सरतो तोच दार उघडलं.

दारात एक म्हातारी. एवढीशी, अंगावर फुलाफुलांचा एप्रन, केस पांढरे सावरीसारखे. घरातून दालचिनीचा वास आला, आणि त्या वासाच्या मागून दुसरा, बरेच दिवस बंद ठेवलेल्या ट्रंकेचा असतो तसा. तिने आपलं नाव हेझेल सांगितलं. यतीनने सांगितलं, मी इन्शुरन्सकडून आलोय, बाहेरून फोटो काढतो आणि जातो.

ती त्याच्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, “तू गाडीतून उतरलास...”

यतीनला काही कळेना. उतरल्याशिवाय फोटो कसे काढणार?

“आधीचा उतरला नव्हता. काच खाली करून फोटो काढले आणि गेला. मी खिडकीतून हाका मारत होते त्याला...”

मग ती त्याच्याबरोबर घराभोवती फिरली. पायात नुसत्या सपाता. यतीन म्हणाला, अहो थंडी वाजेल. ती म्हणाली, आता नाही वाजत. मागच्या दारापाशी तिने विचारलं, जरा आत येऊन खालचा फर्नेस बघशील का? हल्ली फार झोप येते, डोकं जड होतं.

आता नियम म्हणजे नियम. आत जायचं नाही, आणि त्या पैशांत तर मुळीच नाही. पण आईच्या वयाच्या बाईला नाही म्हणायला यतीनची जीभ उचलली गेली नाही. तो गेला.

बेसमेंटचा जिना खाली काळोखात उतरत होता. टॉर्चच्या उजेडात कोळिष्टकं, रिकाम्या बरण्या, आणि कोपऱ्यात तो फर्नेस, थंडगार. त्याचा धूर बाहेर नेणारा पाइप सांध्यातून निखळून लोंबत होता. यतीनने सवयीने त्याचाही फोटो काढला. म्हणजे धूर बाहेर न जाता सगळा घरात. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, रंग नसतो. माणूस खुर्चीत बसल्या बसल्या झोपतो आणि उठत नाही.

“हा चालू करू नका,” यतीन म्हणाला. “अजिबात नाही.”

“नाही करत,” ती म्हणाली. त्याच्या अगदी कानाशी. जिना उतरल्याचा आवाज काही त्याला आला नव्हता.

वर आल्यावर तिने त्याच्या हातात काचेची एक ताटली ठेवली, निळ्या काठाची. ताटलीत चेरीचा पाय, म्हणजे मैद्याच्या पारीत चेरी भरून भाजलेला तिकडचा गोड पदार्थ, वर कापड झाकलेलं. कामाचे पैसे देता येत नाहीत, म्हणाली, हे तरी ने. ताटली मात्र परत आणून दे.

घरी सुवर्णाने सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. कॉफीच्या पैशांत आता बेसमेंटसुद्धा का? उद्या त्यांची धुणी धुऊन ये. पण पाय उत्तम होता. बोलता बोलता दोघांनी अर्ध्याच्या वर संपवला.

दुसऱ्या दिवशी इन्शुरन्सच्या ऑफिसातून एका मुलीचा फोन आला. फोटो छान आहेत, पण बेसमेंटचा कसा काय? घराला कुलूप आहे. मालकीणबाई मागच्या हिवाळ्यात खुर्चीत बसल्या बसल्या वारल्या. घर आता त्यांच्या पुतण्याचं, तो असतो ओहायोला.

यतीनने फोटो पुन्हा उघडून बघितले. दाराला कुलूप होतं. कुलपावर बर्फ होता. उंबऱ्यावर गुडघाभर बर्फ साचलेला, त्याला कोणी हातही लावलेला नाही. घराभोवती बुटांची एकच रांग, त्याचीच.

त्याने ते सुवर्णाला दाखवले. मग सुवर्णाने विचारलं, तुला पोटात काही होतंय का? नव्हतं होत. तिलाही नव्हतं होत. उरलेल्या पायकडे दोघांनी पाहिलं. टाकायचा म्हटलं तरी तो टाकायचा कोणी? शेवटी सुवर्णाने तो पुडीत बांधला, बाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात ठेवला आणि त्या डब्याला मान लववून आली.

ताटली मात्र तिने घासली, पुसली, ओट्यावर ठेवली. म्हणाली, ही परत द्यायला हवी.

“कोणाला?” यतीन म्हणाला.

“जिची आहे तिला. भूत झाली म्हणून काय तिची ताटली आपण दाबून ठेवायची?” मग थोडं थांबून म्हणाली, “आणि रिकामी नाही द्यायची. नावं ठेवेल ती आपल्याला.”

यतीनने तिला सांगून बघितलं की नावं ठेवायला ती कोणाजवळ जाणार आहे? पण सुवर्णाच्या माहेरी शेजारणीचं भांडं कधी रिकामं परत गेलेलं नाही, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर. अमेरिकेत आली म्हणून ती रीत मोडली नव्हती, आता भुतासाठी कुठे मोडणार?

संक्रांतीच्या दुपारी दोघं गेली. ताटलीत तिळाचे लाडू, वर स्वच्छ नॅपकिन. अजून एकही काम आलं नव्हतं. श्रीरंगने सकाळीच फोन करून टेबलावर झाडाची कुंडी ठेवल्याचं कळवलं होतं. यतीन गाडी चालवत होता ती सुतकात असल्यासारखी.

घर तसंच होतं. कुलूप, बर्फ, शांतता. सुवर्णा पुढे झाली, तिने ताटली उंबऱ्यावर ठेवली आणि हळू आवाजात मराठीतच म्हणाली, “पाय छान झाला होता हो. हे आमच्याकडचं. गोड मानून घ्या.” मग दोघं वळली आणि पळत नाही आहोत असं दाखवत भराभर गाडीत येऊन बसली.

गाडी वळवताना यतीनने आरशात पाहिलं. उंबऱ्यावर नॅपकिन होता, नीट घडी घातलेला. ताटली नव्हती.

त्याच वेळी फोन वाजला. कोणी बाई बोलत होती. आम्ही घर घेतोय, ते तपासायला इन्स्पेक्टर हवाय. तुमचं नाव त्या घराच्या पायरीवर भेटलेल्या एका आजींनी दिलं, एप्रनवाल्या. म्हणाल्या, दुसरा कोणी नको, हा गाडीतून उतरतो.

यतीन सुटला. खिडकीजवळचं टेबल गेलं, कुंडीसकट. श्रीरंगला वाईट वाटलं, तो पाऊण तास वाईट वाटून घेत होता.

आणि मग कामं येतच राहिली. प्रत्येकाला आजीच भेटलेल्या, कोणाला फाटकात, कोणाला अंगणात. यतीन घरात शिरला की बाकी सगळं सोडून आधी बेसमेंट गाठायचा. कुठे धुराचा पाइप चिरलेला, कुठे पक्ष्याच्या घरट्याने तुंबलेला. एकही घर निर्दोष निघालं नाही. लोक त्याचे हात हातात घेऊन आभार मानायचे. सुवर्णालाही कबूल करावं लागलं की त्या फुकट्या कामातून ओळख झाली खरी. फक्त कोणाशी झाली, ते ती मोठ्याने बोलायची नाही.

कामाच्या गर्दीत घरचा रविवार काही उजाडला नाही.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी यतीन घरी आला. सुवर्णा सोफ्यावर पडली होती, दिवाही लावलेला नव्हता. डोकं दुखतंय म्हणाली, दोन दिवस नुसती झोप येतेय. खालून फर्नेसचा खोकला ऐकू येत होता.

घरात दालचिनीचा वास होता.

ओट्यावर निळ्या काठाची ताटली. ताटलीत चेरीचा पाय, वाफ निघत असलेला.

“ही कोणी आणली?” यतीनने विचारलं.

“तूच आणलीस ना...” सुवर्णा डोळे न उघडता म्हणाली. “मगाशी ओट्यापाशी कोणी उभं होतं... मला वाटलं, तूच...”

यतीनने ताटलीकडे पाहिलं. ती बाई उगाच कुठे जात नाही. जिथे गेली, तिथे काय निघालं हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? त्याने सुवर्णाला उचलली, शालीत गुंडाळली आणि दार उघडं टाकून बर्फात आणून उभी केली. मग फोन केला.

अग्निशमनवाले आले, तोंडाला मास्क लावून खाली उतरले, सगळ्या खिडक्या उघडल्या. बरोबरच्या डॉक्टर पोरीने सुवर्णाला प्राणवायू लावला, तिच्या बोटाला यंत्र लावलं आणि सांगितलं, वेळेवर बाहेर आलात. थोड्या वेळाने त्यांचा मुख्य बाहेर आला, दाढीवाला धिप्पाड माणूस. धुराचा पाइप सांध्यातून निखळला होता, म्हणाला, ही रात्र घरात काढली असतीत तर सकाळ दिसली नसती. तुमचा अलार्म कसा नाही वाजला? काम काय करता तुम्ही?

यतीनच्या हातात टॉर्च होता, त्या अलार्मच्याच सेलांवर लखलखीत. तो त्याने हळूच खिशात सरकवला. काम काय करतो, ते सांगायचा त्याला धीर झाला नाही.

“बरं झालं, आजींनी आम्हाला नेमकी जागा दाखवली,” दाढीवाला म्हणाला. “त्यांना मात्र तेवढं बाहेर बोलवा. मी सांगितलं तर ऐकेनात. म्हणाल्या, मला आता काही होत नाही...”

यतीनने सुवर्णाकडे पाहिलं. सुवर्णाने घराकडे.

दाढीवाल्याने आत माणूस पाठवून पुन्हा शोध घेतला. कोणी नव्हतं. तो डोकं खाजवत गेला.

घर पुरतं मोकळं झाल्यावर दोघांना आत सोडलं. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, नळावर बर्फाचा पापुद्रा धरलेला. आणि ओट्यावर त्या पायमधून अजून वाफ येत होती. सुवर्णा जवळ गेली. पायच्या कडेला, वरच्या सोनेरी पापुद्र्यावर, कोणीतरी तीळ भुरभुरवले होते.

तिने एक तीळ बोटावर घेऊन पाहिला. मग तिने कपाटातून हरभऱ्याच्या डाळीचा डबा काढला.

“आत्ता काय करतेस?” यतीन कुजबुजला.

“ताटली परत द्यायची आहे. डाळ भिजत घालते. पुरणपोळ्या करू.”

“किती जणांच्या?”

सुवर्णाने मान वळवून जेवणाच्या टेबलाकडे पाहिलं. त्यांच्या दोघांच्या खुर्च्या जागच्या जागी होत्या. तिसरी बाहेर ओढलेली होती, आणि तिच्या पाठीवर फुलाफुलांचा एप्रन घडी करून टाकलेला होता.

“तिघांच्या,” ती म्हणाली.