पाण्याला दिलेलं चूलबंद आवतण

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे घडलंय. यंदाच्या मे महिन्यात, शहापूरच्या एका मंगल कार्यालयात. तेही भर दुपारी.

सरिता आमच्या भावकीतली सून. आटगावला राहते, शाळेत शिकवते. तिच्या सासरचं मूळ गाव धरणात बुडालं आणि माणसं पांगली. त्या सगळ्यांची परिषद भरवायचं तिनेच अंगावर घेतलं. सासू गोजरबाई त्या गावात नांदलेल्या. त्यांचे डोळे मिटायच्या आत गाव एकदा एकत्र यावं, एवढीच तिची धडपड.

हॉल ठरला. आचारी ठरला. मोबाइलवर पत्रिका गेल्या.

पण म्हातारी खोडं अडून बसली. आवतण तोंडीच हवं, आणि चूलबंद हवं. म्हणजे घरातल्या झाडून सगळ्यांना जेवायला बोलवायचं. त्या दिवशी त्या घरात चूल पेटत नाही.

सरिता चुलतसासरे धाऊकाकांना घेऊन दारोदार फिरली. तरी मुरबाडकडे गेलेल्या कितीतरी घरांचा पत्ताच लागेना. उद्या कुणी रुसायला नको. म्हणून परतताना ती धरणाच्या काठावर थांबली. पाणी उतरलं होतं. जुन्या घरांची जोती उघडी पडली होती.

तिकडे तोंड करून ती मोठ्याने म्हणाली, "गावच्या समद्यांना रविवारी चूलबंद आवतण हो..."

धाऊकाकांचा चेहरा पडला.

"नाव घेऊन बोलवायचं गो. असं मोकळं नाय बोलवत."

रविवारी हॉल भरला. पुढच्या खुर्च्या मात्र रिकाम्या.

सरिताने लोकांना पुढे बोलावलं. कुणी हलेना.

"तिथं बसवत नाय," एक बाई हळूच म्हणाली. "गार लागतंय."

बाहेर ऊन मी म्हणत होतं. आणि पुढून येत होता... ओल्या गाळाचा वास.

गोजरबाई बोलायला उभ्या राहिल्या. माईक खरखरला... आणि बंद पडला.

त्यांना माईक नकोच होता. त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघून विचारू लागल्या, "देवराम, पाय बरा हाय का रं? जना, पोरगी आणलीस ती?"

मध्येच थांबायच्या. मान डोलवायच्या. समोरून कुणी उत्तर देत असल्यासारख्या...

"देवराम माजा भाव," धाऊकाका पुटपुटले. "धरण भरलं त्या सालीच गेला. जनाबी गेली तवाच."

जेवणं सुरू झाली. पहिली पंगत उठायच्या आत टोपं रिकामी झाली. आचारी कपाळाला हात लावून बसला. दुप्पट माणसांचा भात शिजवला होता त्याने.

संध्याकाळी घरी आल्यावर गोजरबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि त्या दारात बसल्या.

"कुठे निघालात, आई?"

"ते जेवून गेले ना आपल्याकडं. आता त्यांनी उलट आवतान दिलंय. चूलबंद. तू, मी, प्रज्वल, आपली मनस्वी. मी व्हय म्हटलंय."

प्रज्वल सरिताचा नवरा. मनस्वी त्यांची लेक, पहिलीत जाणारी.

सरिता चहा टाकायला आत गेली.

गॅस पेटेना.

सिलिंडर बदलला. शेगडी बदलली. शेजारणीकडे तीच शेगडी भडाभडा पेटली. इथे... नाही.

सरिता रडत धाऊकाकांकडे गेली. "काका, नाय म्हणून सांगा ना त्यांना."

धाऊकाकांनी मान हलवली.

"आवतान मोडायचं तर त्यांच्या दारात जाऊन सांगावं लागतं गो. निरोप धाडून नाय चालत. आणि ज्याला आवतान, त्यानंच जायचं."

ती जाणारही होती. लेकीसाठी बाई कुठेही जाते. पण जूनमध्ये पाऊस लागला, जोती पाण्याखाली गेली. आता दार म्हणायला तिथे काही उरलं नाही.

अजून त्या घरी चूल पेटत नाही. डबा आमच्याकडून जातो. डबा द्यायला गेलो की मी उंबऱ्याबाहेरूनच परततो, खोटं कशाला बोलू.

जायचा दिवस कोणता, ते गोजरबाई सांगत नाहीत. हसतात फक्त.

पण परवापासून मनस्वी रोज सकाळी नवा फ्रॉक काढून पलंगावर ठेवते. कुणी सांगितलं, विचारलं तर म्हणते, जनाआजीने.

सरिता फ्रॉकची घडी घालते आणि कपाटात ठेवते.